ताणाखालच्या चेतापेशीत प्रथिनांची उलाढाल: साचतं किती आणि थांबतं किती?

औदुंबर

अल्झायमर, पार्किन्सन, एएलएस (स्नायू चालवणाऱ्या चेतापेशी मरत जाण्याचा आजार) यांच्याबद्दलच्या लेखांत एक वाक्य हमखास येतं: मेंदूत खराब प्रथिनांचा कचरा साचतो आणि त्यामुळे पेशी मरतात. हे वाक्य चूक नाही, पण त्यात गोष्टीची एकच बाजू आहे. मोडण्याचं काम मंदावलं की प्रथिनं साचतात, हे खरंच. मात्र ताण आल्यावर पेशी सर्वांत आधी नवी प्रथिनं बनवणं थांबवते. मी कल्चरमधल्या, म्हणजे प्रयोगशाळेत बशीत वाढवलेल्या, चेतापेशींवर काम करते आणि माझं मत दिवसेंदिवस पक्कं होत चाललंय, की नुकसान समजून घ्यायचं तर साचण्याइतकंच या थांबण्याकडे लक्ष द्यायला हवं. म्हणून हा धागा काढतेय. ज्यांचा या विषयाशी अभ्यासामुळे किंवा घरच्या आजारपणामुळे संबंध आलाय त्यांनी जरूर लिहा.

आधी उलाढालीबद्दल. रुडॉल्फ शोएनहायमर यांनी १९३० च्या दशकात कोलंबिया विद्यापीठात जड नायट्रोजन असलेली अमिनो आम्लं प्रौढ उंदरांना खाऊ घातली. वजन स्थिर असलेल्या प्राण्यात हे नायट्रोजन लघवीवाटे निघून जाईल असं तेव्हाच्या समजुतीनुसार व्हायला हवं होतं. प्रत्यक्षात त्याचा मोठा हिस्सा शरीरातल्या प्रथिनांत जाऊन बसलेला सापडला. म्हणजे वजन तेवढंच राहिलं तरी आतलं सगळं सतत मोडत आणि नव्याने बनत असतं. आजही तत्त्व तेच आहे, फक्त मोजायला मास स्पेक्ट्रोमीटर आहे. २०१० मध्ये उंदरांना नायट्रोजन-१५ असलेलं नीलहरित शैवाल खाऊ घालून केलेल्या मोजणीत प्रथिनांचं सरासरी अर्धायुष्य यकृतात ३ दिवस, रक्तात साडेतीन दिवस आणि मेंदूत ९ दिवस निघालं. सरासरीमागे प्रचंड फरक दडलेत. कल्चरमधल्या चेतापेशींत काही प्रथिनं एका दिवसाच्या आत अर्धी होतात, काहींना २० दिवसांहून जास्त लागतात. आणि केंद्रकाच्या पडद्यातल्या छिद्रांची काही प्रथिनं उंदरांच्या मेंदूत वर्षभरानंतरही तीच जुनी सापडली आहेत.

इतर पेशींना विभाजनाची सोय असते. पेशी दुभंगली की बिघडलेली प्रथिनं निम्मी होतात. चेतापेशीला ही वाट बंद आहे, ती आयुष्यभर तीच असते. त्यात तिची लांबी. पाठीच्या कण्यातून पायाच्या बोटांकडे जाणारा अक्षतंतू, म्हणजे चेतापेशीचा लांब धागा, मीटरभर लांब असू शकतो. पुटिका (पडद्याच्या इवल्या पिशव्या) त्यातून दिवसाला ४०० मिलिमीटरपर्यंत जातात, पण सांगाड्याची प्रथिनं, म्हणजे न्यूरोफिलामेंट वगैरे, दिवसाला जेमतेम मिलिमीटरभर सरकतात. याचा अर्थ पेशीदेहात बनलेला न्यूरोफिलामेंटचा रेणू टोकाला पोचायला वर्षं लागतात, आणि तेवढा काळ तो धड राहायला हवा. मोडतोडीचं कामही असंच अंतराने अडलेलं आहे. अक्षतंतूच्या टोकाला तयार झालेले ऑटोफॅगोसोम (कचरा गुंडाळणाऱ्या पिशव्या) डायनिन या वाहक प्रथिनाच्या जोरावर पेशीदेहाकडे निघतात, वाटेत लायसोसोमशी, म्हणजे पचवणाऱ्या पिशव्यांशी, जुळतात, आतून हळूहळू आम्लधर्मी होतात, आणि पचन बहुतांशी पेशीदेहाजवळ पूर्ण होतं. ही वाहतूक पेशीच्या ऊर्जेवर चालते, म्हणून ऊर्जेचा ताण आला की मोडतोड आपोआप अडते.

आता ताण. उष्णता, ऑक्सिडीकरण, आंतर्द्रव्यजालिकेत (पुढे ईआर म्हणते) चुकीच्या घड्या पडलेली प्रथिनं जमणं, अमिनो आम्लांचा तुटवडा, विषाणू. कारणं वेगळी असली तरी चार किनेज (फॉस्फेट जोडणारी) एंझाइमं ती ओळखतात: पर्क, जीसीएन२, पीकेआर आणि एचआरआय. चौघेही शेवटी एकाच जागी येतात. प्रथिन बनवायला सुरुवात करून देणाऱ्या ईआयएफ२ चा एक भाग म्हणजे ईआयएफ२-अल्फा, त्याच्या ५१ व्या जागेवरच्या सेरीन या अमिनो आम्लावर फॉस्फेट बसवतात. असं फॉस्फेट बसलेलं ईआयएफ२ हे ईआयएफ२बी या आपल्याच साहाय्यक एंझाइमाला अडवून धरतं आणि भाषांतराची, म्हणजे एमआरएनए या जनुकाच्या प्रतीवरून प्रथिन बनवण्याची, सुरुवात मंदावते. मिनिटांत बहुतेक प्रथिनांचं उत्पादन घसरतं. त्याच वेळी एटीएफ४ सारखी मोजकी प्रथिनं उलट जास्त बनू लागतात, ती घडी घालणाऱ्या आणि अमिनो आम्लं पुरवणाऱ्या जनुकांना चालना देतात, आणि गॅड३४ नावाचं प्रथिन फॉस्फेट काढायची व्यवस्था करून उत्पादन परत सुरू करतं. अल्पकाळासाठी हे उत्तम संरक्षण आहे. आधीच चुकीच्या घड्या साचल्या असताना त्यांत नवी भर नको, इतकं सरळ.

ताण हटलाच नाही तर? २०१२ मध्ये जिओव्हाना मॅलुची यांच्या गटाने प्रिऑन (चुकीची घडी पसरवणाऱ्या प्रथिनाचा मेंदूचा आजार) झालेल्या उंदरांत हेच पाहिलं. प्रिऑन प्रथिन वाढत गेलं, पर्क चालू झालं, ईआयएफ२-अल्फावर फॉस्फेट बसलं आणि बसूनच राहिलं. सिनॅप्सची, म्हणजे चेतापेशींमधल्या जोडांची, प्रथिनं अचानक घसरली, त्यामागून चेतापेशी गेल्या. मग त्यांनी हिप्पोकॅम्पस या मेंदूच्या स्मृतीशी निगडित भागात गॅड३४ वाढवलं. उत्पादन परत सुरू झालं, सिनॅप्स टिकले, उंदीर जास्त जगले. प्रिऑनचं प्रमाण मात्र कमी झालं नव्हतं. माझ्या दृष्टीने या विषयातला हा सर्वांत महत्त्वाचा प्रयोग आहे. साचलेलं तसंच राहिलं आणि तरीही पेशी वाचल्या, कारण त्यांना जे रोज बनवायलाच हवं ते त्या पुन्हा बनवू लागल्या. सिनॅप्समधली कित्येक प्रथिनं अल्पायुषी असतात. ज्याचं अर्धायुष्य दोन दिवस आहे त्याचं उत्पादन आठवडाभर थांबलं, तर मोडतोड अगदी निरोगी असली तरी उरतं किती, याचा हिशेब करून पाहा. दहावा हिस्साही उरत नाही.

---

कुतूहल

औदुंबरताई, लेख फार उपयोगी पडला. मी एमएस्सीच्या प्रकल्पासाठी उंदराच्या कॉर्टेक्समधल्या (मेंदूच्या बाहेरच्या थरातल्या) चेतापेशींना थॅप्सिगार्गिन हे रसायन देऊन ईआरवर ताण आणते आहे. वेस्टर्न ब्लॉटमध्ये (प्रथिनं प्रतिपिंडाने ओळखायची चाचणी) एलसी३-२ या प्रथिनाची पट्टी गडद होते आणि युबिक्विटिनचा, म्हणजे मोडायच्या प्रथिनांवर लागणाऱ्या खुणेचा, पट्टाही वाढतो. माझ्या गाइडना वाटतं की ऑटोफॅजी (ऑटोफॅगोसोमवाटे होणारी साफसफाई) वाढली आणि पेशी प्रथिनं जास्त मोडू लागली. हे बरोबर धरायचं का?

---

सप्तर्षी

कुतूहल, एवढ्यावर तसं धरता येणार नाही. आणि आताच सांगतो, कारण प्रबंध लिहून झाल्यावर परीक्षकाने हे विचारलं तर फार त्रास होतो.

एलसी३-२ ऑटोफॅगोसोमच्या पडद्यावर असतं. ते वाढायची दोन कारणं असू शकतात: नवे ऑटोफॅगोसोम जास्त बनताहेत, किंवा बनलेले पुढे पचत नाहीत. ब्लॉटवर दोन्ही अगदी सारखं दिसतं. फरक कळण्यासाठी प्रवाह मोजावा लागतो. बॅफिलोमायसिन ए१ ने लायसोसोमचं आम्लीकरण थोडा वेळ थांबव आणि चार गट ठेव: साधी पेशी, ताण, बॅफिलोमायसिन, आणि दोन्ही एकत्र. बॅफिलोमायसिन असताना ताणाने एलसी३-२ आणखी वाढलं तर निर्मिती खरोखर वाढली. काहीच भर पडली नाही तर ताणानेच पचन अडवलंय असा संशय घे. जोडीला पी६२ पाहा, हे कचरा ऑटोफॅगोसोमकडे नेणारं प्रथिन, पण त्याचं जनुक एनआरएफ२ या ताणात जनुकं चालू करणाऱ्या प्रथिनामुळे ताणात स्वतःच जास्त चालतं, त्यामुळे एकट्या पी६२ वर विसंबू नकोस.

युबिक्विटिनचंही तसंच. खुणा लावलेली प्रथिनं वाढली म्हणजे खुणा जास्त लागल्या, की खूण लागलेली प्रथिनं मोडणारं यंत्र, प्रोटिआसोम, मागे पडलं? ऑक्सिडीकरणाच्या ताणात २६एस प्रोटिआसोम सुटा होतो, १९एस टोपी आणि २०एस गाभा वेगळे होतात. सुटा गाभा ऑक्सिडीकरणाने उलगडलेली प्रथिनं युबिक्विटिन आणि एटीपीशिवायही मोडू शकतो. म्हणजे खूण लावलेली प्रथिनं साचताहेत आणि त्याच वेळी दुसऱ्या वाटेने मोडतोड चालू आहे, हे एकाच पेशीत घडू शकतं. 'मोडतोड वाढली' किंवा 'कमी झाली' असं एका शब्दात लिहिण्यापूर्वी कोणती वाट, कोणतं प्रथिन, हे ठरवायला हवं.

अर्धायुष्य मोजायला अनेक जण सायक्लोहेक्झिमाइड या औषधाने उत्पादन बंद करून घसरण पाहतात. तासाभरात संपणाऱ्या प्रथिनांसाठी ठीक आहे. पण चेतापेशीतली बहुतेक प्रथिनं दिवसानुदिवस टिकणारी, तेवढा वेळ सायक्लोहेक्झिमाइड दिलं तर पेशीच मरते. शिवाय तुझा प्रश्नच 'ताणाने उत्पादन थांबतं का' हा असताना उत्पादन आधीच औषधाने थांबवून कसं चालेल? त्याऐवजी जड लायसिन आणि आर्जिनिन असलेलं माध्यम दे आणि ठरावीक वेळांनी जुन्या व नव्या पेप्टाइडांचं गुणोत्तर घे. चेतापेशी विभागत नाहीत हा इथे मोठा फायदा, विभाजनाने होणारी विरळणी वजा करावी लागत नाही. मात्र कल्चरमध्ये ग्लिया, म्हणजे चेतापेशींच्या साहाय्यक पेशी, किती आहेत ते नीट नोंदव. ग्लिया विभागतात, आणि त्यांच्या सोबतीने चेतापेशीतल्या बऱ्याच प्रथिनांचा वेगही बदलतो.

उत्पादनाचा झटपट अंदाज हवा असेल तर नव्याने बनणाऱ्या प्रथिनांत शिरणारं प्युरोमायसिन थोडं, अल्पकाळ देऊन प्युरोमायसिनविरोधी प्रतिपिंडाने ब्लॉट कर. ताणाचा परिणाम पहिल्याच तासात दिसेल.

---

रानवाट

मी या क्षेत्रातली नाही. आईला पार्किन्सन आहे, म्हणून शोधत इथे पोचले. लेखातला अर्धा भाग समजला, अर्धा पुन्हा वाचेन. माझे दोन प्रश्न आहेत. मनावरचा ताण किंवा अपुरी झोप यांनी हेच घडतं का? आई रात्री खूप कमी झोपते. आणि उपास केल्याने मेंदूतली खराब प्रथिनं साफ होतात असं बरेच जण सांगतात, तिला तसं करायला लावावं का?

---

मुक्तछंद

रानवाट, उपासाबद्दल माझा अनुभव चांगला आहे आणि त्यामागे शास्त्रही आहे. ऑटोफॅजीच्या यंत्रणेसाठी योशिनोरी ओसुमी यांना २०१६ चं नोबेल मिळालं. उपाशी पेशी स्वतःचेच भाग पचवते, हे त्यांनी यीस्टमध्ये दाखवलं. मेंदूलाही ते लागू व्हायला हवं.

---

अनुस्वार

मी मेंदूविकारतज्ज्ञ आहे. आधी रानवाट यांना उत्तर, कारण तो प्रश्न एका रुग्णाचा आहे.

तुमच्या आईंना डॉक्टरांशी बोलल्याशिवाय उपास करायला लावू नका. पार्किन्सनमध्ये वजन घटणं ही आधीच मोठी समस्या असते, आणि रिकाम्या पोटी उभं राहिल्यावर रक्तदाब पडून चक्कर येण्याचा धोका वाढतो. त्या लेव्होडोपा (पार्किन्सनचं मुख्य औषध) घेत असतील तर जेवणाच्या वेळांना आणखी महत्त्व आहे. अन्नातल्या प्रथिनांची अमिनो आम्लं आणि लेव्होडोपा आतड्यात आणि मेंदूच्या सीमेवर एकाच वाहकासाठी स्पर्धा करतात. म्हणून गोळी जेवणाच्या किती आधी घ्यायची आणि प्रथिनं दिवसात कधी खायची हे ठरवून घेतल्याने अनेकांच्या हालचालीत फरक पडतो. पुढच्या भेटीत हा प्रश्न अवश्य विचारा. अपुऱ्या झोपेबद्दलही स्पष्ट सांगा. पार्किन्सनमध्ये झोप बिघडण्याची कारणं वेगवेगळी असतात, रात्री औषधाचा असर उतरणं, वारंवार लघवीला उठावं लागणं, स्वप्नात हातपाय झाडणं, आणि प्रत्येकावर उपाय वेगळा आहे.

आता मूळ विषय. प्रथिनांची विल्हेवाट चेतापेशीला किती महत्त्वाची आहे, हे आम्हाला रुग्णांच्या जनुकांनीच शिकवलं. १९९८ मध्ये जपानी कुटुंबांत तरुणपणीच होणाऱ्या पार्किन्सनचं पार्किन हे जनुक सापडलं. ते युबिक्विटिन जोडणारं एंझाइम निघालं. पिंक१ सोबत ते बिघडलेल्या मायटोकॉन्ड्रियावर खूण लावतं. जीबीए१ हे लायसोसोममधल्या एंझाइमाचं जनुक, त्यातले बदल पार्किन्सनचा धोका वाढवणाऱ्या सर्वांत महत्त्वाच्या जनुकीय कारणांपैकी आहेत. एएलएसमध्ये यादी आणखी बोलकी आहे: युबिक्विलिन-२, व्हीसीपी, पी६२, ऑप्टिन्युरिन, टीबीके१. सगळीच विल्हेवाटीच्या वाटेवरची.

औषधांच्या दुष्परिणामांतही एक पुरावा आहे. बोर्टेझोमिब हे प्रोटिआसोम रोखणारं औषध मल्टिपल मायलोमा या रक्ताच्या कर्करोगासाठी २००३ पासून वापरात आहे. त्याचा ठळक त्रास म्हणजे पायांपासून सुरू होणारा बधिरपणा आणि जळजळ. मेंदूत ते फारसं शिरत नाही, पण कण्यालगतच्या संवेदी चेतापेशींना त्या सीमेचं संरक्षण नाही. एक सावधगिरी मात्र हवी. कार्फिल्झोमिबही प्रोटिआसोमच रोखतं आणि त्याने हा त्रास बराच कमी होतो. म्हणजे बोर्टेझोमिबचा सगळा दोष प्रोटिआसोमवर टाकता येत नाही.

---

औदुंबर

अनुस्वार, फार मोलाचं लिहिलंत. रानवाट, झोप आणि मनावरचा ताण यांबद्दल मी सांगते.

उंदरांना सहा तास जागं ठेवलं की कॉर्टेक्समध्ये बिप हे ईआरमधलं घडी सांभाळणारं प्रथिन वाढतं आणि पर्कची वाट चालू होते, हे २००५ मध्ये दाखवलं गेलं. म्हणजे जागरण हा चेतापेशीसाठी खराखुरा ताण आहे. मनावरच्या ताणाचा संबंधही आहे, पण वाट जरा वेगळी. २०१२ मध्ये वयात येणाऱ्या उंदरांना रोज कोंडून ठेवण्यासारखा ताण आठवडाभर दिला. पुढच्या मेंदूत ग्लुटामेट ग्राहकांना युबिक्विटिन जास्त लागलं आणि प्रोटिआसोमने ते मोडले. उंदरांची स्मृती खालावली. प्रोटिआसोम त्या जागी रोखला तेव्हा हा परिणाम टळला. इथे काहीच साचलं नव्हतं. मोडतोड नको तेवढी वाढली होती. हे प्राण्यांतले प्रयोग आहेत, त्यातून आईंच्या आजाराचं कारण काढू नका. पण त्यांची झोप सुधारण्याचे प्रयत्न करायला हरकत कसलीच नाही.

मुक्तछंद, ओसुमींचं काम यीस्टमधलं आहे आणि ते अप्रतिमच आहे. मेंदूबद्दल मात्र प्राण्यांतलेच निकाल एकमेकांशी जुळत नाहीत. २००४ मध्ये नोबोरु मिझुशिमा यांनी चमकणारं एलसी३ असलेले उंदीर उपाशी ठेवले. यकृत, स्नायू, हृदय यांत ऑटोफॅगोसोम भरभरून दिसले, मेंदूत वाढले नाहीत. शरीर उपाशी असतानाही मेंदूला ग्लुकोज आणि कीटोन पुरवलेच जातात, हे त्याचं एक पटणारं स्पष्टीकरण. २०१० मध्ये दुसऱ्या गटाला एक-दोन दिवसांच्या उपासानंतर उंदरांच्या कॉर्टेक्समध्ये वाढ दिसली. आणि सप्तर्षींनी वर लिहिलेला मुद्दा इथेही लागू आहे: ऑटोफॅगोसोम जास्त दिसले म्हणजे पचन जास्त झालं असं होत नाही. उंदीर दोन दिवस उपाशी राहिला तर त्याचं बरंच वजन उतरतं, त्याचे दिवस माणसाला तसेच लावता येत नाहीत. रुग्णाला सल्ला द्यावा इतका हा पाया भक्कम नाही.

---

दीपमाळ

मूळ लेखाशी मी पूर्ण सहमत नाही. उत्पादन थांबणं महत्त्वाचं, मान्य. पण ते मध्यभागी आणून ठेवताना विल्हेवाटीला दुय्यम करणं मला पटत नाही. २००६ मध्ये दोन जपानी गटांनी उंदरांच्या फक्त चेतापेशींतून एटीजी५ आणि एटीजी७ ही ऑटोफॅजीला लागणारी जनुकं काढून टाकली. त्या उंदरांत ना प्रिऑन होता ना हंटिंग्टिनचा (हंटिंग्टन आजारात बिघडणाऱ्या प्रथिनाचा) बिघाड. बाहेरून कोणताही ताण दिलेला नव्हता. तरीही युबिक्विटिन लागलेल्या प्रथिनांच्या गाठी झाल्या, चालणं बिघडलं, चेतापेशी मेल्या. रोजची साफसफाई बंद पडणं एवढंच पुरे झालं.

आणि हंटिंग्टनच्या उंदरांतला २००० सालचा प्रयोग आठवा. आजारी उंदरांत बिघडलेलं जनुक बंद केलं, तर आधीच झालेल्या गाठी विरल्या आणि वागणं सुधारलं. म्हणजे भर थांबली तर पेशी साफ करू शकते. हा साचण्याच्याच बाजूचा पुरावा नाही का?

शिवाय एएलएसमध्ये तुमची कल्पना माणसांवर तपासून झाली आहे. ईआयएफ२बी चालू करून उत्पादन परत आणणारी दोन वेगवेगळी औषधं चाचणीत होती. २०२५ च्या सुरुवातीला निकाल आले, आजाराचा वेग कमी झाला नाही.

---

औदुंबर

दीपमाळ, असा प्रतिसाद यावा म्हणूनच धागा काढला होता. एकेक मुद्दा घेते.

एटीजी५ आणि एटीजी७ च्या प्रयोगांवर माझा आक्षेप नाही. विल्हेवाट पूर्ण बंद केली तर चेतापेशी मरते, यात वादच नाही. पण मोडतोड अडली तर उत्पादनाचं काय होतं, हे २०२० मध्ये एरिन शुमन यांच्या गटाने पाहिलं. चेतापेशींत प्रोटिआसोम रोखला. ईआयएफ२-अल्फावर फॉस्फेट बसलं आणि नवी प्रथिनं बनणं घटलं. चार किनेजांपैकी हे कोणी केलं? एचआरआयने. आणि गंमत अशी की एरवी चेतापेशीत एचआरआय जवळपास नसतंच. त्याचा एमआरएनए असतो, त्याचं भाषांतर दाबलेलं असतं. प्रोटिआसोम अडल्यावरच ते बनतं. म्हणजे मोडतोडीचं टोक अडलं की दुसरं टोक आवळण्यासाठी चेतापेशीने खास व्यवस्था राखून ठेवली आहे. हे वाचल्यापासून मला दोन बाजू वेगळ्या करून 'महत्त्वाची कोणती' असं विचारणंच अपुरं वाटतं. तुमच्या एटीजी७ नसलेल्या पेशीतही गाठींमुळे मेली किती आणि उत्पादन बिघडल्यामुळे किती, हे तोलून पाहण्यासारखं आहे.

हंटिंग्टनच्या प्रयोगाबद्दल. तो मला माझ्या बाजूचा वाटतो. पेशीची साफ करण्याची क्षमता शाबूत होती, तिच्यावर ओतलं जाणारं जास्त होतं. २००४ मध्ये जिवंत चेतापेशी एकेक करून दिवसेंदिवस सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या गेल्या. बिघडलेल्या हंटिंग्टिनची गाठ ज्या पेशीत झाली तिचा मृत्यूचा धोका कमी झाला. पेशीत पसरलेलं विरघळलेलं हंटिंग्टिन जास्त असलेल्या पेशी लवकर गेल्या. डोळ्यांना दिसणारी गाठ हा बहुतेक बचावाचा भाग होता.

एएलएसच्या चाचण्यांचा निकाल मात्र गंभीर आहे आणि तो बाजूला सारता येणार नाही. एएलएसचं निदान होतं तेव्हा बऱ्याच चालक चेतापेशी आधीच गेलेल्या असतात. प्रिऑनच्या उंदरांत गॅड३४ दिलं गेलं ते सिनॅप्स कोसळायच्या आधी. वेळेचा हा फरक मला मोठा वाटतो. दुसरं म्हणजे चालक चेतापेशी ताणाला प्रतिसाद देतातच कमी. उष्णतेने एचएसएफ१ हा जनुकांचा चालक चालू होऊन एचएसपी७० हे घडी सांभाळणारं प्रथिन बनतं, ही पेशींची जुनी ओळख. फेरुचियो रितोसा यांनी १९६२ मध्ये फळमाशीच्या गुणसूत्रांवर उष्णतेने फुगवटे येताना पाहिले, तिथून ही गोष्ट सुरू होते. पण चालक चेतापेशींत एचएसपी७० सहज वाढत नाही, तिथे हा उंबरठा फार उंच आहे. जिथे बचावाची पहिली फळीच कमकुवत आहे, तिथे फक्त उत्पादनाचा दट्ट्या मोकळा करून भागणार नाही, हे मला मान्य करावंच लागेल.

---

दीपमाळ

एचआरआयबद्दल माहीत नव्हतं, वाचते. वेळेचा मुद्दा पटला. पण मग उत्पादन मोकळं करणं धोक्याचंही नाही का? चुकीच्या घड्या तशाच असताना नवी भर पडणार.

---

सप्तर्षी

धोका आहेच, आणि तो शरीराच्या दुसऱ्या भागात लगेच दिसला. २०१३ मध्ये पर्क रोखणारा रेणू प्रिऑनच्या उंदरांना तोंडावाटे दिला. मेंदू वाचला, पण स्वादुपिंड बिघडलं, वजन घटलं, साखर वाढली. इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी ईआरवर प्रचंड भार टाकतात, पर्कशिवाय त्यांचं चालत नाही. माणसांत पर्कचं जनुक जन्मतः निकामी असेल तर तान्हेपणीच मधुमेह होतो, वोलकॉट-रॅलिसन सिंड्रोम. म्हणूनच आयएसआरआयबी या दुसऱ्या रेणूकडे लक्ष वळलं. पीटर वॉल्टर यांच्या प्रयोगशाळेत २०१३ मध्ये सापडलेला हा रेणू ईआयएफ२बी स्थिर करतो. ताण मध्यम असेल तर उत्पादन अंशतः परत येतं, ताण फार तीव्र असेल तर याचं काही चालत नाही आणि पेशीचा ब्रेक लागतोच. २०१५ मध्ये प्रिऑनच्या उंदरांत त्याने चेतापेशी वाचवल्या आणि स्वादुपिंडाला इजा झाली नाही. अंशतः परत येणं पुरेसं ठरलं, हे लक्षात घेण्यासारखं आहे.

उलट टोकही पाहा. ईआयएफ२बीमध्येच जन्मजात दोष असेल तर मुलांच्या मेंदूतला पांढरा भाग विरत जातो, आणि ताप किंवा डोक्याला किरकोळ मार बसल्यावर आजार एकदम बळावतो. एरवी कसंबसं निभावणाऱ्या पेशी ताण आला की कोसळतात.

---

मुक्तछंद

उपासाबद्दलचं उत्तर वाचलं. २००४ च्या निकालाची मला कल्पना नव्हती. रानवाट, अनुस्वार सांगतात तसंच करा.

एक प्रश्न. चेतापेशीला विभाजन जमत नाही, मग पचवता न येणारं बाहेर टाकायची काहीच सोय नाही का?

---

अनुस्वार

आहे, निदान सूत्रकृमीत तरी. २०१७ मध्ये मोनिका ड्रिस्कॉल यांच्या गटाने दाखवलं की सी. एलिगन्सच्या स्पर्शसंवेदी चेतापेशी प्रथिनांचे गोळे आणि बिघडलेले मायटोकॉन्ड्रिया भरलेली मोठी पुटिका अख्खी बाहेर ढकलतात. तिला एक्सोफर म्हणतात, आकाराने पेशीदेहाच्या जवळपास असू शकते. ऑटोफॅजी रोखली की एक्सोफर वाढतात, आणि ज्या पेशींनी टाकल्या त्यांचं काम पुढे जास्त चांगलं चालतं.

---

रानवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. गोळी आणि जेवणाच्या वेळांबद्दल आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. वेळा लिहून ठेवायला सुरुवात केली आहे, पुढच्या भेटीत डॉक्टरांना दाखवते. झोपेचंही विचारणार आहे.

---

कुतूहल

सप्तर्षी सर, बॅफिलोमायसिनचे चार गट गाइडना दाखवले, त्यांनी लगेच होकार दिला. आता औदुंबरताईंना विचारायचं आहे. ताण देऊन मग काढून घेतला, तर उत्पादन आणि मोडतोड यांपैकी आधी काय पूर्ववत होतं, हे मला पाहायचं आहे. थॅप्सिगार्गिन धुऊन काढून पुढचे नमुने घेतले तर चालेल ना?

---

औदुंबर

प्रश्न फार चांगला निवडलास, पण त्यासाठी थॅप्सिगार्गिन नको. ते ईआरच्या कॅल्शियम पंपाला इतकं घट्ट धरतं की माध्यम बदललं तरी पंप मोकळे होत नाहीत. तुला वाटेल ताण काढला आणि पेशी मात्र त्याच ताणात असेल. सायक्लोपियाझोनिक आम्ल त्याच पंपाला रोखतं आणि धुतल्यावर सुटतं. ते वापर. धुतल्यानंतर बिप आणि फॉस्फेट लागलेलं ईआयएफ२-अल्फा दोन्ही खाली येतात का ते आधी तपास, म्हणजे ताण खरोखर गेला याची खात्री होईल. प्युरोमायसिनचे नमुने सुरुवातीला दाट घे, अर्ध्या-अर्ध्या तासाने, कारण उत्पादन लवकर सावरतं. जड लायसिन मात्र धुतानाच्या माध्यमातच घाल आणि मोडतोडीसाठी काही दिवस थांब. आणि माध्यम बदलणं हाच चेतापेशींना एक धक्का असतो, म्हणून औषधाशिवाय नुसतं माध्यम बदललेला गट प्रत्येक वेळेला हवाच. औषध घालण्यापूर्वीच थोडं जुनं माध्यम काढून ठेव, आणि धुतल्यावर ते नव्यात निम्मं मिसळून दे.

---

कुतूहल

माध्यम बदललेला वेगळा गट माझ्या आराखड्यात नव्हता, घालते. सायक्लोपियाझोनिक आम्ल मागवायला सांगितलं आहे. ब्लॉट मिळाले की याच धाग्यावर टाकेन.